ज्येष्ठ खेळाडू

आमच्या गावात कोणी दारू पितो असं म्हणत नाहीत, बसतो असं म्हणतात. 'काल कुठे होतास?' 'विश्रामकडे बसलेलो.' 'आज बसायचं का?' परक्या माणसाला वाटावं, किती निवांत लोक आहेत, नुसते सतरंजी टाकून गप्पा मारतात. माझा धाकटा भाऊ मयूर कॉलेज संपता संपता कुणाच्या तरी हळदीत पहिल्यांदा बसला, आणि मग बसला तो बसलाच.

गाव डोंबिवलीच्या बाहेर, शीळ रोडला लागून. आता त्याला गाव म्हणायचं ते फक्त आम्हीच. शेतं गेली, टॉवर आले. आमच्या बाबांनी, काळुरामशेठनी, जागा विकून गाड्या घेतल्या नाहीत, स्वतःची बिल्डिंग उभी केली आणि भाडेकरू ठेवले. हुशार माणूस. चूक एवढीच झाली की त्यामुळे त्यांच्या मुलाला आयुष्यात करण्यासारखं काही उरलं नाही. पूर्वी निदान महिन्यातून एकदा भाडं मागायला जिने चढायला लागायचे. आता भाडेकरू तेही मोबाईलवरून पाठवतात. बसायला वेळच वेळ.

मी रुपाली. लग्न होऊन ठाण्याला आले, वर्तकनगरमध्ये माझं पार्लर आहे. माणसांचे चेहरे हाच माझा धंदा. बायका येतात, आरशात बोट लावून डोळ्याखालची रेघ दाखवतात आणि 'ताई, हिचं काहीतरी करा' म्हणतात. पाच वर्षांनी लहान दिसावं म्हणून त्या तोंडाला काय काय थापून घेतात ते मी सांगत नाही, धंद्याचा प्रश्न आहे. मी स्वतः बेचाळीसची आहे आणि 'वाटत नाही हं' हे ऐकायची मला सवय आहे. मयूर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हणजे छत्तीस. हे आत्ताच नीट सांगून ठेवते.

डिसेंबरात त्याचे पाय सुजले, तेव्हा मी त्याला जवळजवळ कॉलर धरून माजिवड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी त्याला तपासलं, रिपोर्ट बघितले आणि सरळ सांगितलं की लिव्हर आकसून कडक व्हायला लागलंय, पोटात पाणी धरतंय, दारू पूर्ण बंद करायला हवी. घरच्या घरी एकदम बंद करू नका, म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या सवयीनंतर झटके येऊ शकतात. इथे भरती व्हा, आमच्या नजरेखाली सोडवू. अजून वेळ हातात आहे, पण फार नाही.

मयूरने सगळं ऐकून घेतलं. तो ऐकून घेण्यात पटाईत. बाहेर येऊन म्हणाला, "ताई, चाळीशी आली की सोडतो."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याच्या बायकोला, कृतिकाला, तो लग्नाच्या आधीपासून हेच सांगत आला होता. त्याच्या डोक्यात हिशोब पक्का होता: चाळीशीपर्यंत माणूस तरुण असतो, तरुण शरीर सगळं पचवतं, मग एके दिवशी सोडायची आणि पुढे म्हाताऱ्यासारखं शहाणं वागायचं. कृतिकाने जानेवारीपर्यंत वाट बघितली. मग ती मुलीला, सान्वीला, घेऊन खडवलीला माहेरी गेली. जाताना मला फोन करून म्हणाली, "ताई, ते ज्या दिवशी भरती होतील त्या दिवशी मी येते. त्याआधी मला बोलवू नका." मी तिला एका शब्दाने अडवलं नाही. तिच्या जागी मी असते तर आधीच गेले असते.

बाबा आधीच गेलेले, उरली आई. आईचं नाव ठमाबाई, वय त्रेसष्ट. तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई. उन्हाने कातडं पार भाजलेलं, तळपाय मिठाने कायमचे चिरलेले. क्रीम कशाला म्हणतात तिला ठाऊक नाही. तरी आजही पाठ ताठ, दात शाबूत आणि पहाटे उठून सगळ्या बिल्डिंगच्या आधी तिचं अंगण झाडून होतं. ती मयूरला रोज सकाळी पेज करून द्यायची आणि तो ती ठेवून द्यायचा.

तर अशात फेब्रुवारीमध्ये चाळीस प्लसची टुर्नामेंट आली.

आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेट म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. गावागावांच्या टीम असतात, मैदानावर मंडप पडतो, मोठा स्क्रीन लागतो, मोबाईलवर थेट प्रक्षेपण चालतं, आणि समालोचक सकाळपासून संध्याकाळपर्यंत माईक सोडत नाही. आता चाळीस वर्षांवरच्या लोकांच्याही वेगळ्या टुर्नामेंट निघाल्यात. पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले काका लोक रंगीत जर्सी घालून उतरतात आणि एकेकाचा उत्साह बघून हसूही येतं आणि बरंही वाटतं. नियम एकच कडक, आधार कार्ड दाखवायचं. चाळीस पूर्ण नसेल तर टीम बाद. कारण फसवाफसवी फार होते, अडतीसचा गडी केस पांढरे करून येतो.

आमच्या गावच्या टीमचा कप्तान विश्राम, आमचा चुलतभाऊ. त्याचा एक गडी ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन करून बसला. विश्राम घरी आला तेव्हा मी माहेरीच होते.

"मयूरला घेतो," तो म्हणाला.

"अरे, त्याला कसा घेशील? तो छत्तीसचा आहे."

"रुपाली, वय कोण बघतोय? तोंड बघतील."

मी हसले. खरं सांगते, आधी हसलेच. मग मयूरकडे बघितलं. तो सोफ्यावर बसला होता आणि तोही हसत होता. माझ्या डोळ्यांना तो नेहमीसारखाच दिसत होता. रोज जो चेहरा मनात असतो तोच आपण समोरच्या माणसावर चढवतो बहुतेक. माझ्या मनातला मयूर म्हणजे सडपातळ, कुरळ्या केसांचा, बॅट फिरवली की बॉल शेजारच्या गावात पाठवणारा. त्याची बॅटिंग बघायला खोणी-पलाव्यापासून पोरं बाइकवर यायची. थोडा सुटलाय, थोडा सुकलाय, एवढंच मला दिसायचं. आणि मी चेहऱ्यांचा धंदा करते.

"आधार मागितलं तर?" मी विचारलं.

"मागितलं तर घरी राहिलं सांगू. नाही मागणार," विश्राम म्हणाला.

मी त्याला चार शब्द सुनावले. आजारी माणसाला उन्हात पळवतोस, अक्कल आहे का, असं म्हणाले. पण मयूर किती तरी महिन्यांनी कशासाठी तरी उठून उभा राहिला होता. त्याने माळ्यावरून जुनी बॅट काढली आणि तिला तेल लावत बसला. आई दारात उभी राहून बघत होती. "खेलू दे बाय," ती मला हळूच म्हणाली, "त्या दिवशी तरी बसनार नाय." 

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. मी गाडी चालवत होते, आई शेजारी आणि मयूर मागे. प्रवेशाच्या टेबलाशी आमच्या टीमची रांग लागली. टेबलावरचा माणूस भारी काटेकोर होता. प्रत्येकाचं कार्ड घ्यायचा, जन्मतारीख बघायचा, चेहरा बघायचा, परत कार्ड बघायचा. विश्रामला सत्तेचाळीस वर्षं झालीत, पण तो केस काळे करतो, म्हणून त्याची तर दोनदा तपासणी झाली. एकाला ओळखीचा माणूस आणायला लावला. मी बाजूला उभी राहून मयूरच्या पुढे किती जण उरलेत ते मोजत होते.

मयूरची पाळी आली. त्या माणसाने मान वर करून त्याला बघितलं आणि लगबगीने उठून स्वतःची खुर्ची पुढे केली.

"काका, तुम्ही कशाला रांगेत उभे राहिलात? तुमचं कार्ड नको. बसा तुम्ही."

विश्रामने माझ्याकडे बघून डोळा मारला. मयूरने खुर्चीत बसता बसता हात वर करून सलाम ठोकला आणि टीममधले सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. त्या टेबलावरच्या माणसाच्या कानांवरचे केस पांढरे होते. तो पन्नाशीचा असेल. तो माझ्या लहान भावाला काका म्हणाला होता, आणि त्यात थट्टा नव्हती. तो मनापासून म्हणाला होता.

मग मी मयूरला पहिल्यांदा बघितलं. म्हणजे पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या परक्या बाईला बघते तसं बघितलं. केस विरळ आणि राखेच्या रंगाचे. गालफडं बसलेली. डोळ्यांखाली पिशव्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचा हात लागल्यासारखा. नाकावर, गालांवर लाल बारीक शिरांचं जाळं. जर्सीच्या बाहीतून निघालेले हात काठीसारखे, त्यांच्यावर कुठे कुठे आपटल्याचे निळे डाग, आणि त्या सगळ्याच्या मध्ये टम्म पोट. त्याने खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला हात थरथरत होता. थंडी नव्हती. सकाळपासून तो बसला नव्हता, म्हणून थरथरत होता.

 हे कधी झालं? मी दर रविवारी येत होते. राखी बांधली, भाऊबीज केली, याच हातांनी त्याच्या कपाळाला टिळा लावला. मला कसं दिसलं नाही?

आई आणि मी बायकांच्या मंडपात जाऊन बसलो. मॅच सुरू झाली. आमच्या गावाची बॅटिंग होती आणि मयूर चौथा गेला. तो आत जाताना समालोचकाचा आवाज चढला. "आणि मैदानात येतायत आजच्या दिवसाचे सगळ्यात सीनियर खेळाडू. मंडळी, टाळ्या वाजवा. या वयात मैदानात उतरायला काळीज लागतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. तिला वाटलं, आपल्या मुलाचं जुनं नाव लोकांच्या लक्षात आहे.

पहिले बॉल त्याला दिसलेच नाहीत. बॉल मागे गेल्यावर बॅट फिरायची. मग एक बॉल अंगावर आला आणि त्याच्या मनगटाने ओळखीचं काहीतरी केलं. बॉल उंच उडाला आणि थेट स्क्रीनच्या वरून पलीकडे गेला. सगळं मैदान ओरडलं. क्षणभर तोच मयूर. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पुढच्या बॉलवर पळायला लागलं. तो पळाला. अर्ध्यात पोचला आणि थांबला, भर मैदानात, गुडघ्यांवर हात ठेवून. श्वास घेता येत नव्हता. समोरच्या टीमच्या गड्याने बॉल हातात धरला आणि स्टंपाजवळ नुसता उभा राहिला. मयूरला बाद करायला त्याचा जीव होईना. "घ्या काका, दम घ्या," तो म्हणाला. मग अंपायरने खुणावलं तेव्हा त्याने बेल पाडली. परत टाळ्या. त्यांच्या त्या दयेने मला चाबूक मारल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई पाण्याची बाटली घेऊन सीमारेषेपर्यंत धावली. मयूर तिच्यापर्यंत आला, पाणी प्यायला, आणि तिने पदराने त्याचं तोंड, मान, कपाळ पुसलं. लहानपणी पुसायची तसंच.

स्पीकरवरून समालोचक म्हणाला, "वा. काकूंनी पदराने घाम पुसला. मंडळी, याला म्हणतात संसार."

माझ्या शेजारच्या बायका हसल्या. मला आधी कळलंच नाही तो कोणाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा कानात दडे बसले. मी इकडे तिकडे बघितलं. आईला स्पीकरचं नीट ऐकू येत नाही, ती मयूरचा हात धरून सावलीकडे येत होती. मयूरने ऐकलं होतं. तो हसायचा प्रयत्न करत होता.

मी उठून माईकच्या टेबलाकडे निघाले होते. पण विश्राम आडवा आला. "रुपाली, आता काही बोलू नको. वय निघालं तर टीम बाद. मॅच जिंकतोय आपण."

"अरे, आईला त्याची बायको बोलला तो."

"चुकून बोलला. लोक विसरतील."

मी थांबले. विसरतील, मलाही वाटलं.

आमची टीम जिंकली. मग प्रमुख पाहुणे आले, सत्कार सुरू झाले, आणि समालोचकाने मयूरचं नाव घेतलं. "आपल्या स्पर्धेची परंपरा आहे. साठी ओलांडून खेळणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूचा आपण सपत्नीक सत्कार करतो. काकांनी स्टेजवर यावं. आणि काकूंनाही विनंती, त्यांनीही यावं. काकू, लाजू नका."

दोन मुली हसत हसत आईला उठवायला आल्या. "चला ना, तुमचा सत्कार आहे." आईला सत्कार एवढाच शब्द कळला. मुलाने सिक्सर मारली, म्हणून मुलाच्या आईला बोलावतायत, असं तिला वाटलं. तिने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि निघाली. मी "आई, थांब" म्हणाले, पण ढोल सुरू झाला होता. मी तिच्या मागे धावले आणि स्टेजच्या पायरीशी गर्दीत अडकले.

स्टेजवर दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. मोठ्या स्क्रीनवर ते दोघं दिसत होते. मयूरच्या अंगावर शाल, आईच्या हातात नारळ. पाहुणे नमस्कार करायला वाकले, आणि आई गोंधळून मागे सरकली. मयूरने जमिनीकडे बघितलं. त्याच्या ओठांवरचं हसू अजून तसंच होतं, पण ते आता त्याचं नव्हतं.

समालोचकाने माईक आईच्या तोंडापुढे धरला. "काकू, लग्नाला किती वर्षं झाली?"

"कोनाच्या?" आई म्हणाली.

"तुमच्या दोघांच्या."

आईने त्याच्याकडे बघितलं. मग मयूरकडे बघितलं, त्याच्या शालीकडे, मग समोर बसलेल्या सगळ्या लोकांकडे. मी तिचा चेहरा बघत होते. बाबा गेले तेव्हाही तो असा झाला नव्हता.

"मी त्याची आयस हाय," ती म्हणाली.

काही लोक हसले. काकू गंमत करतात, असं त्यांना वाटलं. समालोचकही हसला.

"हसता कनाला?" आईचा आवाज स्पीकरमधून सगळ्या मैदानावर गेला. "माजा पोर हाय त्यो. धाकला. छत्तीस वरसांचा हाय."

ढोल थांबला. समोरच्या टीमचा कप्तान खुर्चीतून उठला. त्याला बोलायचा हक्क होता, आमची टीम बाद होत होती. त्याने तोंड उघडलं, मयूरकडे बघितलं आणि परत बसला.

टेबलावरचा तो काटेकोर माणूस स्टेजवर आला. त्याला नियम पाळायचा होता. "काका, आधार दाखवा," तो हळू आवाजात म्हणाला. मयूरने खिशातून मोबाईल काढला. पिन दोनदा चुकला, मग आधार उघडलं. त्या माणसाने मोबाईल हातात घेतला. फोटो बघितला, लग्नाच्या वर्षीचा, कुरळ्या केसांचा. जन्मतारीख बघितली. मग मोबाईल मयूरच्या तोंडाशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. शेवटी त्याचा चेहरा मोकळा झाला. आपल्याला कोडं सुटलं असं त्याला वाटलं.

"काका," तो समजावून सांगत म्हणाला, "तुम्ही चुकून मुलाचं आधार दाखवलंत."

माईक चालूच होता.

कोणी हसलं नाही.  मयूरने मोबाईल परत घेतला, अंगावरची शाल काढली आणि आईच्या खांद्यांवर घातली. तिची घडी तो नीट करत राहिला, जणू तेवढंच एक काम जगात उरलंय. मग आई त्याला हाताला धरून खाली घेऊन आली. लोक बाजूला झाले, वाट दिली. विश्राम मान खाली घालून स्टंप गोळा करत होता.

परतताना गाडी मीच चालवत होते. मयूर मागे, आई आता त्याच्या शेजारी. शीळ फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "ताई, स्टेजवर गेलो ना, तेव्हा मी स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं बाबांचा फोटो लावलाय."

मी आरशात बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. मी रडत होते आणि गाडी चालवत होते. हिरवा दिवा लागल्यावर गावाकडे वळायच्या ऐवजी मी ठाण्याचा रस्ता धरला.

"कुठे चाललीस?"

"माजिवड्याला."

"आज नको." त्याचा आवाज एकदम जागा झाला. "ताई, आज नको. आज डोकं खराब झालंय. आज शेवटचं बसतो, उद्या तू म्हणशील तिथे येतो. आईची शपथ. उद्या सकाळी."

आईच्या मांडीवर नारळ होता आणि खांद्यावर ती शाल. तिने खिडकीतून नजर न काढता उत्तर दिलं.

"आज लोकांनी मना तुजी बायको केली. बस अजून. उद्या तुजी पोर करतील."

 मुंब्र्याच्या वळणावर मी ऐकलं, तो हुंदके देत होता, तोंड दाबून, लहान मुलासारखा. आईने त्याला जवळ घेतलं नाही. तिने नारळ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

हॉस्पिटलमध्ये त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला तपासलं, पोटावर बोटं वाजवून बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढली, हात पुढे धरायला सांगितले. डिसेंबरपेक्षा बरंच पुढे गेलंय, म्हणाल्या. मग मला बाहेर बोलावून समजावलं. दारू एका जागी बसत नाही. लिव्हर पहिलं जातं, पण त्याच्याबरोबर स्नायू झिजतात, हाडं पोकळ होतात, कातडी सुकते, डोकं विसरायला लागतं. म्हातारपणी जे सावकाश होतं ते सगळं आधीच आणि एकदम होतं.

मी त्यांना एक मूर्ख प्रश्न विचारला. माझ्या धंद्याने तोंडून काढला असेल. "सोडली तर परत पहिल्यासारखा दिसेल का?"

"दिसण्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. "काही गोष्टी सुधारतील, सूज जाईल, ताकद येईल. सगळं नाही येणार. पण आजपासून एक थेंब नाही, असं झालं तर मी त्यांना चाळीशी दाखवू शकेन असं वाटतं."

चाळीशी. मी भिंतीला टेकले. इतकी वर्षं आम्ही सगळे चाळीशीकडे असं बघत होतो, जणू ती कुठे पळून जाणार नाही, तारीख लावून ठेवलीय, जाऊन सोडायचं तेवढं बाकी आहे. ती त्याला मिळेल की नाही हे कोणाला माहीत नव्हतं, आणि आता तीच मागायची होती.

मी कृतिकाला फोन केला.  मागून सान्वीचा आवाज येत होता. तिने एवढंच विचारलं, "खरंच भरती झाले?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "निघते."

मी वॉर्डात परत आले तेव्हा मयूरला सलाईन लावलं होतं. आई पलंगाजवळ स्टुलावर बसली होती, शालीची घडी मांडीवर. तिने त्याला डिशमध्ये भाताची पेज आणून दिली होती, हॉस्पिटलचीच, आणि तो ती खरंच खात होता. चमचा तोंडापर्यंत नेताना सांडत होता, तरी खात होता.

वॉर्डातली आया चादर बदलायला आली. चांगली बोलकी बाई. तिने उशी नीट केली, सलाईनकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "मावशी, तुम्ही काळजी करू नका. मिस्टर बरे होतील तुमचे."

आईने मान खाली घातली.  मी पुढे झाले, पण माझ्या आधी मयूर बोलला. चमचा खाली ठेवला आणि बोलला.

"मिस्टर नाही. मुलगा आहे मी तिचा. धाकटा."

आया थबकली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"हिला विचारा," मयूर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माझी मोठी बहीण आहे."